ब्लोअरच्या शाफ्टचा क्रॉस सारखा तुटतोय? नवा क्रॉस आणण्याआधी नळी आणि पिन बघा

ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा फुटला, पानं उलगडायला लागली की द्राक्षबागेत जमिनीपेक्षा आभाळाचं जास्त ऐकावं लागतं. रात्री पाऊस झाला, सकाळी पानं ओली राहिली की डाऊनी रोगाचा तेलकट डाग दिसायला वेळ लागत नाही. वाफसा येईपर्यंत थांबतो म्हटलं तर तोवर डाग घडावर गेलेला असतो. त्यामुळं काळ्या रानात घोट्याएवढा चिखल असला तरी छोटा ट्रॅक्टर आणि मागं सहाशे लिटरचा ओढायचा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं औषध फवारायचं यंत्र, घेऊन ओळीत शिरावंच लागतं. आणि ट्रॅक्टरची फिरकी ब्लोअरला पोचवणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाच्या वाकत्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, जातो तो नेमका तेव्हाच. टाकीत औषध कालवलेलं, वर ढग भरून आलेले आणि ट्रॅक्टरच्या बुडाशी टकटक आवाज.

माझ्याकडं एका हंगामात चार क्रॉस गेले. चारही ट्रॅक्टरच्या बाजूचे. ब्लोअरच्या बाजूचा मूळचा क्रॉस जागच्या जागी होता. ही गोष्ट मला पहिल्या दिवशी खटकायला हवी होती, पण खटकली नाही. पहिल्या वेळी वाटलं जुना झाला असेल. दुसऱ्या वेळी दुकानदारानं माल हलका दिला म्हणून चिडलो. तिसऱ्या वेळी महागातला आणला, तो नऊ दिवस टिकला. चौथा तुटला तेव्हा शाफ्टच बदलून जाड घ्यावा म्हणून गावातल्या फिटरकडं गेलो. त्यानं शाफ्ट हातात घेतला, दोन्ही टोकं धरून आत ढकलायला गेला आणि थांबला.

"दादा, ही नळी सरकंना झालीया. क्रॉसला कशाला शिव्या घालताय?"

हे लिहायचं कारण तेवढंच. चिखलात ओढल्या जाणाऱ्या आणि पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या टोकावर, चालणाऱ्या कुठल्याही गाड्याला, मग तो ब्लोअर असो, शेणखत पसरायचा ट्रेलर असो की टँकर, हा त्रास याच पद्धतीनं होतो. क्रॉस हा त्या शाफ्टमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी मरणारा भाग. तो मरतो, पण दोष बहुतेक वेळा दुसरीकडं असतो.

काही करण्याआधी एक सांगतो, नंतर विसरून जाईन. शाफ्टला हात लावायचा तर ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात. पीटीओचा दांडा नुसता न्यूट्रलला टाकून वाकायचं नाही. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेरे. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक क्रॉसच्या कानात अडकलं तर माणसाला "अरे" म्हणायलाही वेळ मिळत नाही. प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं की आपण ते काढून शेडच्या कोपऱ्यात टाकतो. मीही टाकलं होतं. ते पुन्हा बसवा, आणि कव्हर फिरू नये म्हणून जी बारीक साखळी येते ती दोन्ही बाजूंना अडकवा. हे कव्हर चिखलही अडवतं, त्यामुळं जिवाच्या भीतीनं नाही तर क्रॉसच्या काळजीनं तरी बसवाच.

तुटलेला क्रॉस फेकू नका. फडक्यानं पुसा आणि उन्हात नेऊन बघा. काय झालं ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

क्रॉसच्या हातावर, म्हणजे जिथं कपातल्या बेअरिंगच्या सुया फिरतात तिथं, लांबट रेघा पडून पन्हळी झाल्या असतील आणि सगळीकडं तांबूस भुकटी असेल, तर ग्रीस पोचलं नाही किंवा पाणी आत गेलं. हात निळसर-जांभळा पडला असेल तर तो तापून गेलाय, म्हणजे बराच वेळ कोरडा फिरला. हात बुडातून कटकन तुटून आतला धातू ताजा, दाणेदार, चकचकीत दिसत असेल तर तो एका धक्क्यात गेला. कुठंतरी अडकलं, किंवा पीटीओ झटक्यात टाकला. आणि योकच्या, म्हणजे क्रॉस ज्यात बसतो त्या दुबेळक्याच्या, कानांच्या आतल्या कडेला घासल्याच्या, ठेचल्याच्या खुणा असतील तर शाफ्ट त्याच्या सोसण्यापलीकडं वाकवला गेलाय. दोन योक एकमेकांना भिडल्याशिवाय अशा खुणा पडत नाहीत.

माझ्या चार तुकड्यांपैकी पहिल्यावर रेघा होत्या. बाकीच्या तिघांचे हात बुडातून तुटलेले आणि योकच्या कानावर ठेच. म्हणजे पहिला ग्रीसअभावी गेला आणि पुढचे तीन दुसऱ्याच कशानं तरी. एकाच जागी तुटतंय म्हणून एकाच कारणानं तुटतंय असं धरून मी दोन महिने घालवले.

आता नळी. शाफ्ट दोन भागांचा असतो, आतली नळी बाहेरच्या नळीत सरकते. काही शाफ्टना आत भरीव चौकोनी बार असतो, काहींना तिकोनी किंवा लिंबाच्या आकाराची नळी. ट्रॅक्टर वळला किंवा बोदावर चढला की दोन क्रॉसमधलं अंतर बदलतं, ते बदलू देण्यासाठी ही सरकण. ती जाम झाली की शाफ्ट म्हणजे एक ताठ पहार होते. वळताना अंतर कमी झालं की ती पहार दोन्हीकडं ढकलते, एका टोकाला ट्रॅक्टरच्या पीटीओचं बेअरिंग, दुसऱ्या टोकाला ब्लोअरच्या गिअरबॉक्सचं. मधे चिमटतो क्रॉस. माझ्या ब्लोअरचं इनपुटचं ऑइल सील त्याच हंगामात दोनदा गळलं होतं. तेव्हा त्याचा आणि क्रॉसचा संबंध लावला नव्हता. तुमच्याकडं क्रॉस आणि सील दोन्ही वरचेवर जात असतील तर पुढं वाचायच्या आधी उठा आणि नळी सरकते का ते बघून या.

चिखलानं नळी जाम होते हे कुणीही सांगेल. बागेत त्यात आणखी एक भर पडते, बोर्डोची. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. ब्लोअरच्या मागून उडालेलं हे पाणी पंख्याच्या वाऱ्यानं पुढंही येतं, नळीवर बसतं, वाळतं, त्यावर चिखल, त्यावर पुन्हा बोर्डो. आठवडाभरात नळीच्या तोंडाशी निळसर खडू झालेला असतो. चुना कमी पडून द्रावण आंबट राहिलं तर ते लोखंडही खातं. लोखंडी खिळा द्रावणात बुडवून तांबूस होतो का बघायची जुनी पद्धत आपण पानांची काळजी म्हणून वापरतो. खिळ्यावर तांबं चढतं तेव्हा लोखंड विरघळत असतं, आणि शाफ्टची नळीही लोखंडाचीच आहे. तेव्हा चुन्यात काटकसर केली तर पानांबरोबर शाफ्टही भोगतो.

साफसफाई सोपी आहे. शाफ्ट दोन्हीकडून काढा, नळ्या ओढून वेगळ्या करा. वेगळ्या करण्याआधी दोन्ही नळ्यांवर रंगानं किंवा छिन्नीनं एक सरळ खूण करा, का ते पुढं सांगतो. ओढून निघत नसेल तर डिझेल सोडून रात्रभर ठेवा, घणानं ठोकू नका, कारण नळीचं तोंड चेपलं की ती कायमची गेली. आतला जुना खडू खरवडा, रॉकेल-डिझेलनं धुवा, फडकं बांधलेली काठी आतून फिरवा. आतल्या नळीवर कुठं कड उठली असेल तर कानशीनं उतरवा. मग पूर्ण लांबीला ग्रीस चोळून जोडा. जोडल्यावर एका माणसाच्या हातानं सहज आतबाहेर व्हायला हवी. पावसाच्या दिवसांत मी हे दर चार-पाच दिवसांनी करतो आणि रोज सकाळी ब्लोअर जोडताना नळी एकदा आतबाहेर करून बघतो. अर्ध्या मिनिटाचं काम.

नळी साफ केली, पाचवा क्रॉस टाकला, आणि माझं काम झालं असं मी समजलो. बारा दिवसांनी पुन्हा टकटक. या वेळी क्रॉस तुटला नव्हता, पण योकच्या कानावर ताजी ठेच होती. म्हणजे नळी हे एक कारण होतं, दुसरं अजून आत बसलेलं होतं.

ते दुसरं कारण मीच आदल्या हंगामात माझ्या हातानं केलं होतं. भरलेला ब्लोअर दांडीवरून ट्रॅक्टरच्या ड्रॉबारवर, म्हणजे मागच्या ओढपट्टीवर, वजन टाकतो; दांडी तिथं पिननं अडकवलेली असते. पिन जितकी मागं, तितकी तरफ लांब आणि तितकी ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी. चिखलात पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच घसरत जातो आणि एखाद्या झाडाच्या खोडाला भेटतो. म्हणून मी ड्रॉबार आत ढकलून पिन १५ सेंटीमीटर पुढच्या भोकात आणली होती. ट्रॅक्टर वळायला लागला, मी खूश. शाफ्टचं काय होईल हे डोक्यातही आलं नाही.

आता टेप घेऊन बसलो. मी मापं क्रॉसच्या मध्यापासून घेतो, कारण वाकायचं ते तिथं. आधी ट्रॅक्टरकडच्या क्रॉसपासून पिन ३५ सेंटीमीटरवर होती आणि पिनपासून ब्लोअरकडचा क्रॉस ५० सेंटीमीटरवर. म्हणजे सरळ उभं असताना दोन क्रॉसमध्ये ८५. पिन पुढं आणल्यावर झाले २० आणि ५०, एकूण ७०. शाफ्ट पूर्ण मिटवल्यावर त्याची क्रॉस ते क्रॉस लांबी भरली ६६. सरळ चालताना ७० मध्ये ६६ चा शाफ्ट बसतो, चार सेंटीमीटर शिल्लक. पण ओळीच्या टोकाला वळताना ट्रॅक्टर आणि दांडीत ६० अंशांचा कोन झाला की ते ७० चं अंतर साडेबासष्टच्या आसपास येतं. ६६ चा शाफ्ट साडेबासष्टमध्ये बसेल कसा? नळी तळाला टेकायची आणि प्रत्येक वळणावर तीन-साडेतीन सेंटीमीटरची ती कसर क्रॉस, बेअरिंग आणि योकचे कान मिळून भरून काढायचे. मूळच्या भोकात पिन असती तर त्याच वळणाला अंतर ७४ राहिलं असतं. शाफ्ट पहिल्यापासून बरोबर मापाचा होता. तो चुकीचा केला मी.

ओढायच्या गाड्याबाबत हे ध्यानात ठेवायचं की सरळ उभं असताना शाफ्ट सगळ्यात लांब असतो आणि वळणावर सगळ्यात आखूड. म्हणून दोन्ही मापं घ्या. सरळ असताना नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश लांबी गेलेल्या हव्यात, नाहीतर उसळीत निखळतील किंवा तोंडाशी वाकतील. पूर्ण वळवल्यावर तळाला टेकायला तीन-चार सेंटीमीटर शिल्लक हवेत. वळणाचं माप घेताना पीटीओ बंद ठेवून, ट्रॅक्टर हळू फिरवून, बागेतल्या सगळ्यात अवघड टोकाला जसा वळतो तसा उभा करा आणि टेप लावा. अंदाजानं नको. शाफ्ट खरंच लांब असेल तर कापता येतो, पण आतली आणि बाहेरची नळी सारखीच कापायची, दोन्ही कव्हरंही तेवढीच, आणि कापलेली कड कानशीनं गुळगुळीत करायची. कापलेला शाफ्ट परत लांब होत नाही. माझ्या बाबतीत कापायची गरज नव्हती, पिन मागं न्यायची होती.

लांबीइतकाच कोनाचाही प्रश्न आहे, आणि मला वाटतं तो जास्त लोकांना माहीत नाही. साधा क्रॉस वाकलेला असताना फिरला की एकसारखा फिरत नाही. ट्रॅक्टर इकडून ५४० चे फेरे एकसारखे देत असला तरी क्रॉसच्या पलीकडचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढं धावतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. कोन १५ अंश असेल तर हा चढउतार ५२२ ते ५५९, म्हणजे जाणवतही नाही. ३० अंशांना ४६८ ते ६२४. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो हा चढउतार उलटा करून मिटवतो, ब्लोअरला पुन्हा एकसारखे ५४० मिळतात. त्यासाठी पिन दोन क्रॉसच्या बरोबर मध्ये हवी. मध्ये असली की ६० अंशांचं वळण ३०-३० असं वाटलं जातं.

माझी पिन २० आणि ५० वर होती. त्या वळणाला ट्रॅक्टरकडचा क्रॉस ४४ अंशांत आणि ब्लोअरकडचा १६ अंशांत. ट्रॅक्टरकडचेच क्रॉस का जात होते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. पलीकडचा क्रॉस १६ अंशांत जेवढं मिटवेल तेवढं मिटवून ब्लोअरला मिळत होते ४०५ ते ७२० असे झोके, सेकंदाला १८ वेळा. आणि ब्लोअरचा पंखा म्हणजे जड फिरतं चाक. त्याला असं पुढंमागं व्हायचं नसतं, तो आपल्याच वेगानं फिरत राहतो आणि सगळी ओढाताण शाफ्टच्या माथी. पिन परत ३५ वर नेली तेव्हा तेच वळण ३६ आणि २४ अंशांत वाटलं गेलं, झोका उरला ४८० ते ६०७. अगदी मध्ये नाही, पण आधीच्यापेक्षा खूप बरं. दांडी आणखी आखूड केली असती तर बरोबर मध्ये आली असती, पण मग टाकीचा कोपरा वळणावर टायरला लागतो. ते सोडून दिलं.

एक गंमत सांगतो. चिखलात चाक रुतल्यानं शाफ्टचा कोन वाढतो आणि म्हणून क्रॉस तुटतो असं आमच्याकडं सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. मोजून बघितलं. पिनपासून ब्लोअरचा अक्ष दीड मीटर मागं. ब्लोअर ट्रॅक्टरपेक्षा वीतभर, म्हणजे १५ सेंटीमीटर जास्त रुतला तरी दांडी जेमतेम ६ अंश कलते. त्यानं काही तुटत नाही. उलट क्रॉस दोन-तीन अंश वाकलेला असणं चांगलंच, अगदी सरळ रेषेत सुया जागच्या हलत नाहीत आणि एकाच ठिकाणी खड्डे पाडतात. चिखल त्रास देतो तो वेगळ्या वाटेनं. नळीत शिरतो, क्रॉसच्या सीलमधून आत जातो, आणि चाक घसरून अचानक पकड घेतं तेव्हा झटका देतो. चाकोरीत रुतलेला ट्रॅक्टर काढायला आपण स्टिअरिंग टोकापर्यंत वळवतो आणि पंखा मात्र चालूच असतो.

पिन मागं नेल्यावर पुढची चाकं हलकी व्हायचा जुना प्रश्न परत आला. त्यावर दोन उपाय केले. ट्रॅक्टरला पुढं वजनं बसवली, आणि चिखल असेल त्या दिवशी टाकी सहाशेऐवजी चारशेच भरतो. एक फेरी वाढते, पण रुतणंही कमी होतं. एक मात्र करू नका, पुढचा भाग हलका होतोय म्हणून ब्लोअरची दांडी ड्रॉबार सोडून वरच्या कुठल्या भोकात अडकवू नका. ओढ वरून लागली की ट्रॅक्टर मागं उलटायला बघतो.

आता ती खूण करायला का सांगितलं ते. शाफ्टच्या मधल्या भागाच्या दोन टोकांचे योक एकाच दिशेत असावे लागतात, शाफ्ट टेबलावर ठेवला तर दोन्हीचे कान एका पातळीत दिसायला हवेत. तरच दुसरा क्रॉस पहिल्याचा झोका मिटवतो. लिंबाच्या आकाराची नळी चुकीची बसतच नाही. चौकोनी बार मात्र चारही बाजूंनी बसतो, आणि ९० अंश फिरवून बसवला की दुसरा क्रॉस झोका मिटवायचं सोडून वाढवतो. दांत्यांची नळी असेल तर चुकायला आणखी जागा. शाफ्ट धुऊन जोडल्या दिवसापासून ब्लोअर थरथरायला लागला असेल तर आधी हे बघा. आमच्या शेजारच्या चुलत्यांचा ब्लोअर असाच एक पूर्ण आठवडा थरथरत होता, पंख्याचं बॅलन्सिंग करायला पंखा उतरवून झाला, आणि निघाला काय तर पोरानं बार आडवा घातला होता.

ग्रीसबद्दल थोडक्यात. चिखलाच्या दिवसांत क्रॉसला रोज, म्हणजे आठ तास कामामागं एकदा. निप्पलचं, म्हणजे ग्रीस भरायच्या तोटीचं, तोंड आधी पुसा, नाहीतर ग्रीस गन चिखलच आत ढकलते. गन दाबत राहा, क्रॉसच्या चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. तिघांतून आलं आणि एकातून नाही, तर तो कप आतून बुजलाय आणि पुढचा तुटणारा तोच. शाफ्ट थोडा वरखाली हलवून पुन्हा दाबा, तरी आलं नाही तर क्रॉस उघडा. मी लिथियमचं ईपी २ वापरतो, पातळही नको आणि थंडीत दगड होणारंही नको. आणि संध्याकाळी ब्लोअर धुताना प्रेशरचं पाणी थेट क्रॉसवर मारू नका. आपण चिखल धुतोय असं वाटतं, पण ते पाणी सील ओलांडून आत जातं आणि सकाळपर्यंत गंज धरतं. धुणंच असेल तर लांबून, आणि लगेच ग्रीस.

नवा क्रॉस बसवताना घाई झाली की पैसे वाया. कप हातोड्यानं ठोकून बसवला की आतली एखादी सुई आडवी पडते. बाहेरून काही दिसत नाही, फक्त क्रॉस एका बाजूला जड फिरतो. वाइसमध्ये धरून, कपाच्या मापाचा सॉकेट लावून दाबा. कप अडवणाऱ्या चारही सर्कलिप खोबणीत पूर्ण बसल्यात का ते बोटानं चाचपा. बसवून झाल्यावर हातानं चारही दिशांना वाकवा, कुठं अडखळला तर परत काढा. निप्पलचं तोंड गन जाईल अशा बाजूला ठेवा आणि दोन्ही क्रॉसचे निप्पल एका रांगेत, म्हणजे एकदा शाफ्ट फिरवला की दोन्हीला ग्रीस देता येतं. नाहीतर एक दिवस कंटाळा येतो आणि खालच्या बाजूचा निप्पल राहून जातो. हे मी स्वतःवरून सांगतोय.

काहींच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो. अडकलं की आधी तो तुटावा म्हणून. तो दोनदा तुटला की आपल्याला वाटतं कच्चा आहे, आणि आपण टूलबॉक्समधला चांगला पोलादी बोल्ट ठोकून देतो. मग बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्सचा दात तुटतो. कंपनीनं दिलेल्या ग्रेडचेच पाच-सहा बोल्ट ट्रॅक्टरवर ठेवा.

राहिली चालवायची पद्धत. ओळ संपली की वळण्याआधी पीटीओ बंद करा. खरं सांगायचं तर प्रत्येक ओळीला हे होत नाही, एकरात पंचवीस-तीस वळणं असतात. मग निदान इंजिनचा वेग उतरवा आणि रुंद वळा. पण रुतलात तर मात्र काहीही करण्याआधी पीटीओ बंद. बऱ्याच ब्लोअरच्या गिअरबॉक्सला पंखा न्यूट्रल करायचा दांडा असतो, तो वापरा. पीटीओ टाकताना इंजिन कमी वेगावर ठेवून हळू टाका, पंखा उचलला की मग रेस. पूर्ण रेसवर दांडा टाकला की थांबलेल्या जड पंख्याला एका क्षणात फिरवायचं काम क्रॉसवर येतं. आणि बंद करतानाही तसंच, पंखा लगेच थांबत नाही. तो उलट शाफ्टलाच ढकलत राहतो. एकाच क्लचवर गिअर आणि पीटीओ दोन्ही असलेल्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरला तर पंखा क्लच दाबल्यावरही पुढं रेटतो, बांधाला जाऊन टेकेपर्यंत. अशांसाठी एकाच दिशेनं पकडणारा ओव्हररनिंग क्लच मिळतो, तो पीटीओच्या टोकावर बसतो. मात्र तो बसवला की शाफ्टची लांबी परत मोजा, कारण तो स्वतःची जागा खातो.

ज्यांच्या बागेत वळायला जागाच नाही त्यांच्यासाठी ट्रॅक्टरच्या बाजूला वाइड अँगल जॉइंट असलेला शाफ्ट येतो. त्यात दोन क्रॉस जोडीनं बसवलेले असतात, त्यामुळं एका टोकालाच झोका मिटतो आणि पिन मध्ये नसली तरी चालतं. साध्या शाफ्टपेक्षा बराच महाग, जड, आणि त्याला ग्रीसही जास्त लागतं. ग्रीस द्यायचा कंटाळा असणाऱ्यानं तो घेऊ नये, कारण त्याचा खर्च एका झटक्यात येतो.

पिन मागं नेल्यापासूनचा पूर्ण हंगाम सहावा क्रॉस चालला. परवा उघडून बघितला, हातांवर रेघा नाहीत, एका कपात ग्रीस थोडं काळं झालंय, बाकी ठीक. ऑइल सीलही गळत नाही. फक्त विहिरीकडच्या कोपऱ्यात शेवटच्या तीन ओळींना वळायला दहा फूटही जागा नाही. तिथं अजूनही टकटक येते. टोकाची सहा झाडं काढली तर प्रश्न सुटतो, पण ती आमच्या आईनं हातानं पाणी घालून जगवलेली, त्यामुळं तो विषय घरात निघत नाही. सध्या त्या तीन ओळींना ब्लोअर नेतच नाही, पाइप ओढून गननं मारतो.